ज्युनियर हॉकी विश्वचषक : चेन्नईचे कांस्य आणि ग्वाल्हेरचा प्रश्न

१० डिसेंबरच्या बुधवारी संध्याकाळी आम्ही मंडळाच्या सभागृहात पडदा लावला होता. चेन्नईत चाललेल्या पुरुषांच्या ज्युनियर हॉकी विश्वचषकात कांस्यपदकासाठी भारत विरुद्ध अर्जेंटिना असा सामना होता. व्हॉट्सअ‍ॅपवर निरोप दोन दिवस आधीच फिरला होता, तरी सुरुवातीला आम्ही जेमतेम नऊ जण होतो. तिसरे सत्र संपले तेव्हा अर्जेंटिना २-० ने पुढे होती आणि आमच्यातले दोघे चप्पल शोधू लागले होते. मग शेवटच्या पंधरा मिनिटांत आपल्या पोरांनी चार गोल केले. अंकित पाल, मनमीत सिंग, शारदानंद तिवारी आणि अनमोल एक्का. निकाल ४-२. चप्पल घातलेले दोघे उभ्यानेच शेवटपर्यंत पाहत राहिले, बाहेर लेझीमची तालीम करणारी मुलेही आत आली, आणि चहा दुसऱ्यांदा टाकावा लागला.

त्या आनंदात आमच्यातले एक काका म्हणाले, "रूपसिंगांच्या गावात बसून हे पाहिलं, बरं वाटलं." त्यावर आठवीतल्या एका मुलाने विचारले, "काका, रूपसिंग स्टेडियम तर सचिनचं आहे नं? ते हॉकी खेळायचे?"

मुलाचा काही दोष नाही. पण त्या प्रश्नामुळेच हा लेख लिहायला बसलो. कांस्यपदकाचे कौतुक सगळ्या वर्तमानपत्रांनी केले आहे आणि ते योग्यच आहे. आपण मात्र दोन गोष्टी जरा शांतपणे पाहाव्यात असे वाटते. हे पदक नेमके काय सांगते, आणि ज्या गावात भारतीय हॉकीची संघटना जन्माला आली त्या गावाचे, म्हणजे आपले, त्यात आज काय आहे?

आकडे काय सांगतात

२१ वर्षांखालील मुलांची ही स्पर्धा २८ नोव्हेंबर ते १० डिसेंबर २०२५ या काळात चेन्नई आणि मदुराई इथे झाली. यापूर्वी तीत १६ संघ असत, यंदा पहिल्यांदाच २४ होते. चार-चारचे सहा गट, गटात पहिले आलेले सहा आणि दुसऱ्या क्रमांकावरचे सर्वांत चांगले दोन असे आठ संघ उपांत्यपूर्व फेरीत. आपल्या गटात पाकिस्तान होता, पण तो संघ आला नाही आणि त्याच्या जागी ओमानला बोलावले गेले. वर्षभरातले भारत-पाकिस्तान संबंध पाहता याचे आश्चर्य कुणालाच वाटले नाही. ऑगस्ट-सप्टेंबरात राजगीरला झालेल्या आशिया चषकातही पाकिस्तान नव्हता.

परिणाम असा झाला की गटात आपली परीक्षाच झाली नाही. चिलीवर ७-०, ओमानवर १७-०, स्वित्झर्लंडवर ५-०. तीन सामन्यांत २९ गोल केले, एकही खाल्ला नाही. मग खरी स्पर्धा सुरू झाली. उपांत्यपूर्व फेरीत बेल्जियमशी २-२ अशी बरोबरी, आणि गोलरक्षक प्रिन्सदीप सिंगच्या जोरावर शूटआउटमध्ये ४-३ असा विजय. उपांत्य फेरीत जर्मनीकडून ५-१ असा पराभव. आणि मग अर्जेंटिनाविरुद्धचा ४-२. म्हणजे बाद फेरीच्या तीन सामन्यांत, शूटआउट सोडून, आपण केलेले गोल ७ आणि खाल्लेले ९.

२९-० आणि ७-९ या दोन आकड्यांमध्ये स्पर्धेचे सगळे सार आहे. पहिला आकडा मथळ्यांत गेला. दुसरा सांगतो की आपला संघ जगातल्या पहिल्या चारांत बसतो, झुंजार आहे, पण बरोबरीच्या संघासमोर त्याचा बचाव अजून कच्चा आहे. संघ वाढवल्यामुळे खेळ नव्या देशांत पोचेल हे खरे. सतरा गोल खाऊन परतलेल्या ओमानच्या मुलांनाही एक दिवस काहीतरी सांगण्यासारखे मिळाले असेल. पण असल्या विजयावरून आपली तयारी मोजू नये.

जर्मनीचे गणित तर अधिकच बोलके आहे. २०२१ साली भुवनेश्वरला उपांत्य फेरीत जर्मनीने आपल्याला ४-२ ने हरवले. २०२३ साली क्वालालंपूरला, उपांत्य फेरीतच, ४-१ ने. आता चेन्नईत ५-१ ने. तीन स्पर्धा, तीन वेगळे संघ, तीन वेगळ्या तुकड्यांची मुले, आणि दरवाजा तोच बंद. जर्मनीने अंतिम सामन्यात स्पेनला शूटआउटमध्ये हरवून आठव्यांदा हा चषक नेला. आपण तो दोनदा जिंकला आहे, २००१ साली होबार्टला आणि २०१६ साली लखनौला.

एका पराभवाला पंच, हवामान, दैव अशी कारणे देता येतात. तीन सलग पराभवांचे कारण व्यवस्थेत शोधावे लागते. जर्मन मुलगा लहानपणापासून घराजवळच्या क्लबात खेळतो. उन्हाळ्यात मैदानावर, थंडीत हॉलमध्ये. अठराव्या वर्षी तो त्याच क्लबाच्या मोठ्यांच्या संघातून तिथल्या लीगमध्ये ऑलिंपिक खेळलेल्यांच्या समोर उभा राहतो, आणि सोबत कॉलेजही करतो. आपला मुलगा बारा-तेराव्या वर्षी घर सोडून अकादमीच्या वसतिगृहात जातो, आपल्याच वयाच्या मुलांशी खेळतो आणि पुढे शिबिरामागून शिबिरे करतो. मेहनत आपल्या मुलाचीच जास्त असेल. पण मोठ्यांच्या खेळाचा वेग, अंगावर येणारा दबाव आणि दोन गोल मागे पडल्यावर डोके थंड ठेवण्याची सवय शिबिरात येत नाही.

याच दृष्टीने हॉकी इंडिया लीग पुन्हा सुरू झाली ही बातमी आम्हाला पदकाइतकीच मोठी वाटते. सात वर्षांच्या खंडानंतर डिसेंबर २०२४ मध्ये ती परतली, तेव्हा २४ जणांच्या प्रत्येक संघात किमान चार ज्युनियर खेळाडू घेणे बंधनकारक होते. अशा नियमाची फळे दोन वर्षांत दिसत नाहीत, सहा-आठ वर्षांनी दिसतात.

चषकानंतर काय होते?

ज्युनियर स्पर्धेचे खरे मोल तिच्या निकालात नसते, पुढच्या पाच-सात वर्षांत त्या मुलांचे काय झाले यात असते. आपल्याकडे याची दोन उदाहरणे आहेत, आणि दोन्ही शिकण्यासारखी आहेत.

२००१ साली गगन अजित सिंगच्या नेतृत्वाखाली आपल्या मुलांनी अंतिम सामन्यात अर्जेंटिनाला ६-१ असे धुतले. दीपक ठाकूर, जुगराज सिंग, प्रभज्योत सिंग अशी ती पिढी. भारतीय हॉकीचे दिवस फिरले असे तेव्हा सगळ्यांना वाटले. प्रत्यक्षात काय झाले? २००३ साली जुगराजला मोटार अपघात झाला आणि तो पुन्हा त्या दर्जाने खेळू शकला नाही. अथेन्स ऑलिंपिकच्या तोंडावर प्रशिक्षक राजिंदर सिंग यांना बदलून जर्मनीचे गेऱ्हार्ड राख यांना आणले गेले. अथेन्सला आपण सातवे आलो. आणि २००८ साली, १९२८ पासून पहिल्यांदाच, भारतीय पुरुष संघ ऑलिंपिकला पात्रच ठरला नाही. विश्वविजेती तुकडी हाताशी असताना सात वर्षांत हे झाले. त्यात पोरांच्या गुणवत्तेचा दोष नव्हता. वर बसलेल्यांची घडी विस्कटलेली होती.

दुसरे उदाहरण २०१६ चे. लखनौला हरजीत सिंगच्या संघाने बेल्जियमला २-१ ने हरवले. त्या अठरा जणांपैकी हरमनप्रीत सिंग, मनदीप सिंग, वरुण कुमार, सुमित, नीलकांत शर्मा, गुरजंत सिंग आणि सिमरनजीत सिंग हे सात जण टोकियोला कांस्यपदक जिंकणाऱ्या संघात होते. एकेचाळीस वर्षांनी ऑलिंपिक पदक आले त्याची पायाभरणी लखनौत झाली होती. मधल्या काळात त्यांना लीगमध्ये परदेशी खेळाडूंसोबत खेळायला मिळाले, २०१८ पासून ओडिशा सरकारचा पैसा पाठीशी उभा राहिला, आणि प्रशिक्षक बदलले तरी तयारीची दिशा फारशी बदलली नाही.

पण याच उदाहरणाची दुसरी बाजूही पाहू. सात गेले, म्हणजे अकरा राहिले. त्या अकरांत खुद्द कर्णधार हरजीत होता. त्याच्यावर २०१८ साली 'हरजीता' नावाचा पंजाबी चित्रपट निघाला, पण टोकियोच्या विमानात त्याला जागा मिळाली नाही. हे कुणावर आरोप म्हणून सांगत नाही. सोळा-अठरा जागा आणि देशभरातले खेळाडू, तेव्हा गाळण होणारच. सांगायचे एवढेच की चेन्नईत ज्यांच्या गळ्यात कांस्यपदक पडले त्यांतल्या निम्म्याहून अधिक मुलांची नावे चार वर्षांनी आपल्याला आठवणार नाहीत. प्रशिक्षक श्रीजेश यांना हे आपल्यापेक्षा चांगले ठाऊक असणार. टोकियो आणि पॅरिस अशी दोन पदके घेऊन २०२४ मध्ये निवृत्त झालेला हा गोलरक्षक लगेच ज्युनियर संघाकडे आला, याचे आम्हाला कौतुक वाटते.

आणखी एक गोष्ट. गेल्या पाच ज्युनियर विश्वचषकांपैकी चार भारतात झाले: दिल्ली २०१३, लखनौ २०१६, भुवनेश्वर २०२१ आणि आता चेन्नई-मदुराई. यजमानपदासाठी पैसा, मैदाने आणि हौस आपल्याकडे आहे. पण यजमान असणे आणि खेळ रुजणे यांत फरक आहे. २०१३ साली दिल्लीत आपण दहावे आलो होतो. चार विश्वचषक भरवणाऱ्या देशात किती शहरांतल्या शाळकरी मुलाला चालत जाण्याच्या अंतरावर टर्फ मिळते, हा प्रश्न त्या झगमगाटात मागे पडतो. १९७६ साली माँट्रियलला ऑलिंपिक हॉकी कृत्रिम हिरवळीवर गेली आणि आदल्याच वर्षी विश्वचषक जिंकलेले आपण तिथे सातवे आलो. तेव्हापासून हा खेळ गल्लीतून उठून कुंपणाच्या आत गेला तो गेलाच.

आपले ग्वाल्हेर

आता घरचे बोलू. ७ नोव्हेंबर १९२५ रोजी भारतीय हॉकी महासंघाची स्थापना झाली ती ग्वाल्हेरात. तीन वर्षांनी ॲमस्टरडॅमचे पहिले सुवर्णपदक. यंदा त्या घटनेला शंभर वर्षे झाली. शताब्दीचा मुख्य सोहळा दिल्लीत झाला, आणि महिनाभराने शताब्दी वर्षातले हे ज्युनियर पदक चेन्नईत आले. दोन्ही वेळा ग्वाल्हेरचे नाव बातमीत आले तर एखाद्या ओळीपुरते.

कॅप्टन रूपसिंग हे मेजर ध्यानचंदांचे धाकटे बंधू. १९३२ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये अमेरिकेवर २४-१ असा विजय मिळाला, त्यात दहा गोल एकट्या रूपसिंगांचे होते. पुढे ते ग्वाल्हेर संस्थानच्या नोकरीत आले, इथेच राहिले आणि १९७७ साली इथेच गेले. आमच्यातल्या ज्येष्ठांनी त्यांना लष्करच्या रस्त्यावरून जाताना पाहिले आहे. त्यांच्या नावाचे स्टेडियम मुळात हॉकीसाठी होते, नंतर ते क्रिकेटचे झाले. २४ फेब्रुवारी २०१० रोजी तिथे सचिन तेंडुलकरने दक्षिण आफ्रिकेविरुद्ध एकदिवसीय क्रिकेटमधले पुरुषांचे पहिले द्विशतक केले. त्या दिवशी आम्हीही नाचलो होतो. आपला मराठी मुलगा, आपल्या गावात, जगातला पहिला. त्याचा अभिमान आजही आहे. पण आठवीतल्या त्या मुलाला स्टेडियम 'सचिनचे' वाटते आणि पाटीवरचे नाव कुणाचे ते माहीत नसते, तर ते सांगायचे काम आपण मोठ्यांनी केले नाही, एवढे मान्य करायला हवे.

गावात हॉकी संपली आहे असे मात्र मुळीच नाही. २००६ साली राज्य सरकारने मुलींची हॉकी अकादमी ग्वाल्हेरातच काढली आणि तिथल्या मुली भारतीय संघात गेल्या. भारतीय संघाचा माजी आघाडीचा खेळाडू आणि नंतर वरिष्ठ संघाच्या प्रशिक्षकांत असलेला शिवेंद्र सिंग ग्वाल्हेरचाच. टर्फ आहे, प्रशिक्षक आहेत, परंपरा आहे. फक्त आपल्या वस्तीतून तिकडे कुणी जात नाही.

चेन्नईच्या संघाची यादी पाहा. एक्का, कुजूर, तालेम, लुवांग, बेन्नूर, तिवारी, यादव, कुशवाहा, आणि पंजाबची मुले. ओडिशा-झारखंडचे आदिवासी पट्टे, मणिपूर, कर्नाटक, उत्तर प्रदेश, पंजाब. देशाचा नकाशाच जणू. त्यात मराठी आडनाव एकही नाही. अमुक जातीचा, अमुक भाषेचा खेळाडू हवा असा आमचा हट्ट नाही, आणि नसावाही. पण शंभर वर्षांपूर्वी ज्या शहरात महासंघ निघाला त्या शहरातल्या मराठी घरांत आज हॉकीची स्टिक सापडत नाही, हे आपल्याविषयी काहीतरी सांगते.

कारण आपल्या सगळ्यांना ठाऊक आहे. पाचवी-सहावीपर्यंत मुलगा खेळतो, त्याचे फोटो आपण ग्रुपवर टाकतो. आठवीला फाउंडेशनचा क्लास लागतो. दहावीनंतर कोटा नाहीतर इंदूर. मैदान सुटते ते कायमचे. आम्ही स्वतः आपापल्या घरी हेच केले, म्हणून उपदेशाचा अधिकार आम्हाला नाही. आणि आईबापांची भीतीही खोटी नाही. अकरा राहिले त्यांचे काय, हा प्रश्न वर आम्हीच विचारला आहे. रेल्वे, पोलीस, बँका, तेल कंपन्या यांच्या खेळाडू-भरतीवर ज्या घराची आशा टिकते, ते घर धोका पत्करते. ज्याच्याकडे दुसरा रस्ता आहे तो पत्करत नाही. म्हणून हा खेळ आज जिथे दुसरे रस्ते कमी आहेत तिथल्या मुलांच्या खांद्यावर उभा आहे. त्यांच्या पदकावर टाळ्या वाजवताना एवढी जाणीव तरी असावी.

तरी वाट आपल्यापासून फार लांब नाही. इथून तासा-दोन तासांवरच्या झाशीचा तुषार खांडेकर. आडनाव आपल्या ओळखीचे. तो २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये खेळला आणि अलीकडे मुलींच्या ज्युनियर संघाचा प्रशिक्षक होता. आणि इटारसीजवळच्या खेड्यातला विवेक सागर प्रसाद. हा मुलगा अकोल्याच्या एका स्पर्धेत खेळत असताना अशोक कुमार यांच्या नजरेला पडला आणि भोपाळच्या अकादमीत पोचला. पुढे टोकियो आणि पॅरिस, दोन्ही पदके. अशोक कुमार म्हणजे ध्यानचंदांचे चिरंजीव, १९७५ च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात विजयी गोल करणारे. म्हणजेच आपल्या रूपसिंगांचे पुतणे. अकोल्यात त्या दिवशी ती स्पर्धाच नसती, किंवा पाहणारा डोळा नसता, तर तो मुलगा दिसलाच नसता. ज्युनियर संघ शेवटी अशाच लहान गावांतल्या स्पर्धांवर उभा राहतो. चेन्नईचे दिवे फार नंतर लागतात.

मग आपण काय करायचे?

मोठे ठराव करण्यात अर्थ नाही, ते आपण पुष्कळ केले आहेत. कार्यकारिणीच्या बैठकीत आम्ही तीन साध्या गोष्टी मांडणार आहोत. एक, संक्रांतीच्या आसपासच्या एखाद्या रविवारी मंडळातल्या मुलामुलींना हॉकीचा सराव पाहायला टर्फवर घेऊन जायचे, त्यासाठी रीतसर परवानगी मागायची. पुढच्या वर्षी ऑगस्टमध्ये नेदरलँड्स आणि बेल्जियममध्ये मोठ्यांचा विश्वचषक आहे, तोवर मुलांना निदान पेनल्टी कॉर्नर म्हणजे काय ते कळलेले असावे. दोन, गणेशोत्सवातल्या क्रीडा स्पर्धांत क्रिकेटच्या जोडीला पाच-पाच जणांची हॉकी ठेवायची. साध्या मैदानावर, प्लास्टिकच्या चेंडूने का होईना. तीन, ज्या ज्येष्ठांनी रूपसिंगांना खेळताना किंवा मुलांना शिकवताना पाहिले, त्यांच्या आठवणी आत्ताच लिहून घ्यायच्या. ही मंडळी आता ऐंशीच्या पुढे आहेत.

यातून कुणी ज्युनियर विश्वचषक खेळेल असे आम्ही म्हणत नाही. कदाचित एखाद्या घरात दहावीनंतरही सकाळचा एक तास मैदानासाठी राखला जाईल. कदाचित पुढच्या वेळी पडदा लावू तेव्हा नऊच्या जागी तीस जण येतील आणि २-० झाल्यावर कुणी चप्पल शोधणार नाही.

त्या मुलाला काकांनी त्याच रात्री स्कूटरवर बसवून स्टेडियमच्या पाटीपाशी नेले. थंडी होती, धुके उतरले होते. मुलाने पाटी वाचली आणि विचारले, "मग इथे आता हॉकी कुठे खेळतात?" काकांनी त्याला रविवारी सकाळी सहाला तयार राहायला सांगितले आहे.